रोहितांच्या गावी एक रविवार

व्यापारी घराण्यांत सुटी ही वस्तू मोजूनमापून मिळते. पेढी आठवड्यातून एक दिवस बंद; त्या दिवशीही सकाळी राहिलेली खतावणी आणि दुपारी कुणा आप्तांकडचा मंगलप्रसंग. वर्षातून एखादी पालीताण्याची किंवा शिखरजीची यात्रा, दिवाळीनंतर थंड हवेचे एखादे ठिकाण, आणि उरलेले रविवार मॉलच्या सरकत्या जिन्यावर. घरातल्या मुलांना हत्ती, सिंह, हरीण, कासव ठाऊक असतात ते तीर्थंकरांच्या लांछनांमुळे. प्रत्यक्षात त्यांतले काही पाहिलेले असते ते प्राणिसंग्रहालयाच्या जाळीआड. वस्तुतः पुण्यात राहणाऱ्या कुटुंबाला एका दिवसात जाऊन येता येईल अशा अंतरावर, भीमेच्या काठी आणि सुप्याच्या माळावर, दर हिवाळ्यात एक मोठे संमेलन भरते. त्याला निमंत्रणपत्रिका लागत नाही आणि जेवणावळीही नसतात.

पौषातल्या एका रविवारी गुलटेकडीच्या बाजारात भुसार मालाची आडत असलेले एक कुटुंब या संमेलनाला निघाले. मुलगा, सून, दोन नातवंडे आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी. घरात सगळे त्यांना ‘बा’ म्हणतात. बांचे माहेर मूळचे कच्छचे. प्रवासाची सगळी बांधणी त्यांच्या व्रतांभोवती करावी लागते, आणि सुनेला प्रथम तीच अडचण वाटली होती. पुढे ध्यानात आले ते उलटेच. पक्षी पाहण्याची उत्तम वेळ सूर्योदयापासून तास-दीड तासाची. बांची नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. म्हणजे आधी नाव, मग नाश्ता. ज्यांना उठल्याबरोबर चहा लागतो त्यांचीच या वेळापत्रकात पंचाईत होते. उकळून गार केलेले पाणी, खाखरे, मेथीचे थेपले, सुकी भाजी आणि बांनी स्वतःच्या पिशवीत ठेवलेला गाठियांचा एक मोठा पुडा, एवढे सामान घेऊन गाडी साडेचारला सोलापूर रस्त्याला लागली.

भिगवण पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटर. तिथून थोड्याच अंतरावर कुंभारगाव आहे. उजनी धरण माढा तालुक्यात, पुष्कळ पुढे. परंतु १९८० मध्ये ते पूर्ण झाल्यावर भीमेचे पाणी इथपर्यंत मागे फुगले. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठवणारा हा यशवंतसागर म्हणजे कित्येक गावांची बुडालेली घरे, शेते आणि देवळे होत. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की पळसदेवच्या जुन्या मंदिराचे शिखर वर येते आणि विस्थापितांची मुलेनातवंडे दर्शनाला जमतात. ज्यांची शेते गेली त्यांतल्या काहींनी मासेमारी धरली, आणि गेल्या काही वर्षांत त्यांच्याच नावा हिवाळ्यात पक्षी पाहणाऱ्यांना घेऊन फिरू लागल्या.

इथे पक्षी का येतात याचे कारण पाण्याच्या विपुलतेत नाही, उथळपणात आहे. पावसाळ्यानंतर जलाशय हळूहळू उतरू लागतो, कडेचा गाळ उघडा पडतो, आणि घोट्याएवढ्या पाण्यात शेवाळ, किडे, शिंपले आणि बारीक मासळी यांचे ताट वाढले जाते. त्यामुळे एक चमत्कारिक हिशेब जुळतो. ज्या वर्षी पाऊस भरपूर होतो आणि धरण जानेवारीतही काठोकाठ असते, त्या वर्षी ऊसवाला शेतकरी खूश असतो आणि रोहित उशिरा येतात. बाजारातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही; एकाची तेजी ती दुसऱ्याची मंदी, हे तो रोजच पाहतो.

नाव निघाली तेव्हा पाण्यावर धुके होते. प्रथम दिसले चांदवे, काळेभोर, कपाळावर पांढरा टिळा लावलेले. मग खांबावर बसलेला खंड्या, उंच लाल काड्यांवर उभे असल्यासारखे शेकाटे, गुलाबी पिसांचे झुबके मागे मिरवणारे चित्रबलाक. एका बेटासारख्या उंचवट्यावर पट्टकादंबांचा थवा गवत खुडत होता. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला हा हंसाच्या कुळातला पक्षी लडाख, तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो, आणि त्याचे जेवण मुख्यतः गवत, कोंब आणि धान्य. नावाड्याने एवढे सांगताच बांची मुद्रा उजळली. “म्हणजे आपल्यातलाच,” त्या म्हणाल्या. नातवाने बाजूच्या राखी बगळ्याकडे बोट दाखवले. त्याच्या चोचीत मासा तडफडत होता. बांनी क्षणभर डोळे मिटून घेतले.

जंगलात किंवा पाणथळीवर जैन कुटुंब नेले की हा प्रसंग येणारच. तो टाळण्याचा उपाय नाही, आणि टाळूही नये. मुले प्रश्न विचारतात. बगळ्याला पाप लागते का, हा त्यांतला पहिला. त्याचे उत्तर नावेत बसल्या बसल्या देता येत नाही. घरी आल्यावर महाराजसाहेबांना विचारावे, एवढेच सुनेने सांगितले, आणि ते योग्यच होते.

नाव मध्यावर आली तशी कुरव पक्ष्यांची एक टोळी मागे लागली. तपकिरी डोक्याचे कुरव म्हणून ते ओळखले जातात, मात्र हिवाळ्यात त्यांचे डोके पांढरेच असते. कानामागे तेवढा एक काळसर ठिपका. पर्यटक शेव-फरसाण फेकतात हे त्यांना पाठ झाले आहे. नाव दिसली की ते ओरडत येतात. बांनी पिशवीतून गाठियांचा पुडा काढला. पेढीसमोर रोज सकाळी कबुतरांना ज्वारी घालणारे हे हात. भुकेला जीव समोर ओरडत असताना ते स्वस्थ कसे राहणार?

“आजी, ते नका टाकू,” नावाडी म्हणाला. “तळलेलं, मिठाचं असतं. त्यांना सोसत नाही.”

बांनी त्यावर जो प्रश्न केला त्याचे उत्तर सोपे नव्हते. “गाठिया खाऊन याचं पोट भरलं, तर तेवढा एक मासा वाचेल ना? मग माझं काय चुकलं?”

नावेत कुणी काही बोलेना. मुलगा पेढीवर दिवसाला शंभर सौदे तोडतो, तोही गप्प. शेवटी नातीने, जी नववीत आहे, धीर केला. “बा, याला फाल्गुन-चैत्रात लडाखकडे उडत जायचंय. गाठियांनी पोट भरेल, ताकद नाही येणार. वाटेत पडला तर?” नावाड्याने त्यात भर घातली: फरसाणासाठी एकमेकांवर झेपावणारे कुरव इतके निर्ढावतात की नावेच्या मागे मागे फिरण्यातच त्यांचा दिवस जातो, आणि रिकाम्या पिशव्या पाण्यात राहतात त्या वेगळ्याच.

बांना हे पटले असे म्हणता येणार नाही. माशाचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने सुटला नव्हताच. पण पुडा पिशवीत परत गेला.

रोहित दिसले ते यानंतर. दूर, उथळ पाण्यात, प्रथम एक फिकट गुलाबी रेघ. नावाड्याने यंत्र बंद केले आणि बांबूने नाव हळूहळू पुढे रेटली. रेघेचे पक्षी झाले, दीडएकशे असतील. सगळ्यांच्या माना खाली, चोची उलट्या. रोहिताचे जेवण पाहणे हा स्वतंत्र आनंद आहे. तो डोके पूर्ण उलटे करून चोच पाण्यात बुडवतो, पायांनी गाळ ढवळतो, जिभेने पाणी आत ओढून बाहेर फेकतो, आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातेरी झालरीत शेवाळाचे कण आणि सूक्ष्म जीव अडकून राहतात. गाळूनच पोटात घ्यायचे, असा त्याचा जन्माचा नेम. पाणी गाळून पिणाऱ्या घरातील मुलांना ही झालर लगेच समजली. त्याच्या पिसांचा गुलाबी रंगही या अन्नातूनच येतो. पिल्ले करडी असतात.

हे पक्षी कच्छच्या मोठ्या रणात चिखलाची घरटी करतात आणि पाणी आटले की अशा जलाशयांचा आसरा घेतात, असे कळल्यावर बा खुलल्या. “माझ्या माहेरची माणसं!” त्या म्हणाल्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांच्याकडचेही कुणी दुष्काळाला कंटाळून असेच दक्षिणेला उतरले होते.

मुलाला छायाचित्र जवळून हवे होते. त्याने नावाड्याला जादा शंभर रुपये देऊ केले. “शेठ, आणखी पुढं गेलो तर उडतील,” नावाडी म्हणाला. पण आवाजात नकार पुरता नव्हता. गिऱ्हाइकाला नाही म्हणणे त्यालाही परवडणारे नाही. थव्याच्या कडेच्या तीन-चार पक्ष्यांनी एव्हाना माना उंचावल्या होत्या आणि ते चालू लागले होते. उडण्याआधीची ही खूण. रोहिताला उडण्यासाठी पाण्यावरून बरेच पळावे लागते, आणि दिवसातून आठ-दहा नावांनी तसे उडवले तर सकाळभर गाळून मिळवलेले त्यातच खर्च होते.

“थांबव,” बा म्हणाल्या. मग मुलाकडे न पाहता, त्या पक्ष्यांकडे पाहत: “व्याख्यानात किती वेळा ऐकलं, दानात दान अभयदान. अन्न तर त्यांना नकोच आहे आपलं. हे तरी देऊ.”

नाव थांबली. थोड्या वेळाने उंचावलेल्या माना एकेक करून पुन्हा पाण्याकडे वळल्या. शंभर रुपये मात्र बांनी नावाड्याला द्यायला लावले, न गेल्याबद्दल.

परतीच्या वाटेवर जाळ्यांचे तरंगते डबे दिसले. नाव चालवणारा हा माणूस उन्हाळ्यात जाळे टाकतो. भिगवणच्या रस्त्यावर मासळीच्या खाणावळींच्या पाट्या ओळीने आहेत, आणि पक्षी पाहणाऱ्यांच्या पैशाने त्या उतरणार नाहीत. एवढेच म्हणता येते की हिवाळ्यातले काही महिने त्याच्या घरी चूल पेटते ती जिवंत पक्ष्यांमुळे, आणि म्हणून त्याला ते जिवंत हवे आहेत. आणखी एक गोष्ट नावेत बोलली गेली नाही, ती इथे नोंदवणे भाग आहे. काठाच्या पाण्याला येणारी हिरवी साय आणि वास पुण्याहून येतो. मुळा-मुठेतून शहराचे सांडपाणी भीमेत आणि भीमेतून इथे उतरते. गाळून पिणाऱ्यांच्या ताटात आपण काय वाढतो, ते या काठावर दिसते.

कुंभारगावात आदल्या दिवशी कळवून ठेवले तर कांदा-लसणाविना पिठले-भाकरी मिळते. ती खाऊन गाडी बारामतीमार्गे सुप्याला वळली. तेथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ सालचे आणि फार लहान, अवघे पाचेक चौरस किलोमीटरचे. झाडी नाही, धबधबा नाही. खुरटी बाभूळ, बोरी आणि वाळलेले पिवळे गवत. सातबाऱ्यावर अशा जमिनीला पोटखराबा म्हणतात आणि जमीनजुमल्यात पैसा गुंतवणारी माणसे तिच्याकडे एकाच दृष्टीने पाहतात. मुलाच्या मनातही दर एकराचा हिशेब आला असणार. परंतु या ‘खराब्या’वर चिंकारा, खोकड, ससा, चंडोल, धाविक हे सारे जगतात, आणि हिवाळ्यात परदेशी भोवत्या ससाणे गवतावरून तरंगत जातात. चिंकाऱ्याला कित्येक दिवस पाणी मिळाले नाही तरी चालते. पाल्यातले आणि दवातले ओल त्याला पुरते. अशा प्राण्याला बागाईत जमीन देऊन उपयोग नसतो. त्याला माळच हवा.

अडीच तास फिरूनही दिसले ते दूरवरचे दोन हलते ठिपके. सव्वापाचला फाटकाजवळ जेवून घ्यायचे ठरले होते, कारण सव्वासहाच्या सुमारास सूर्यास्त आणि बांचा चौविहार. तेवढ्यात चौकीदाराने सांगितले की ऊन उतरले की हरणे पाणवठ्याच्या बाजूला येतात, आता एक फेरी मारावी. सून घड्याळाकडे पाहू लागली. मुलांनी गाडीतच खाऊन घेतले. बांनी पाण्याचे चार घोट घेतले, हात जोडून पच्चक्खाण केले आणि म्हणाल्या, “चला.”

वळणावर ते उभे होते. एक नर, दोन माद्या आणि पाडस. तांबूस पाठीवर तिरपे ऊन, नराची वलयांकित शिंगे, चेहऱ्यावर पांढरे पट्टे. काच खाली करण्याचेही कुणाला सुचले नाही. “शांतिनाथ भगवानांचं लांछन,” धाकटा कुजबुजला. नराने पुढचा पाय एकदा जमिनीवर आपटला. बांनी समोर बसलेल्या मुलाच्या खांद्याला हात लावला. त्याने गाडी हळूच मागे घेतली.

फाटकाशी चौकीदार नोंदवहीत बाहेर पडण्याची वेळ लिहीत होता. त्याची दोन मुले खोपटाच्या दारात उभी होती. बांनी थेपल्यांचा उरलेला डबा त्यांच्या आईच्या हाती रिकामा केला, आणि मग आठवण होऊन गाठियांचा पुडाही पिशवीतून काढला.