काठीची मर्यादा

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत तलाठी म्हणून माझ्या नोकरीचा बहुतेक काळ गेला, आणि त्या काळात दप्तराच्या पिशवीखेरीज माझी नित्य सोबत जर कोणी केली असेल, तर ती भरीव वेळूच्या, खाली लोखंडी शेंबी बसविलेल्या काठीने. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांचे पाणी कालव्यांनी शिवारात फिरले, कोरडवाहू रानांत ऊस उभा राहिला, आणि गावठाणातली कुटुंबे आपापल्या मळ्यात घरे बांधून वस्त्यावस्त्यांनी विखुरली. त्यामुळे पीकपाहणी असो, वारसाच्या नोंदीची चौकशी असो वा नुकसानीचा पंचनामा असो, एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर बांधाबांधाने जाणे आम्हांला चुकत नसे. प्रत्येक वस्तीवर एक-दोन कुत्री असत, आणि ती बहुधा मोकळी असत.

ती मोकळी का असतात, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्यावर काठी कधी चालवावी या प्रश्नाचा न्याय होणार नाही. वर्षभर उभ्या राहणाऱ्या उसाच्या आडोशाला बिबट्या राहतो, वितो, पिले वाढवितो, आणि त्याचे पोट जंगलातल्या सावजावर नव्हे, तर आमच्या गोठ्या-अंगणांवर भरते. लगतच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, जो २०१४ साली प्रसिद्ध झाला, बिबट्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आढळला. अशा मुलखात अंगणात साखळीने बांधलेले कुत्रे म्हणजे बिबट्यापुढे वाढून ठेवलेले ताट. म्हणून शेतकरी त्याला रात्री मोकळे सोडतो, निदान पळून तरी जाईल या दयेने, आणि रात्री सोडलेले कुत्रे सकाळी बांधण्याची आठवण कोणास राहत नाही. दिवस उजाडल्यावर त्या वाटेने शाळेची मुले जातात, दूध घालणारे जातात, मजूर बाया जातात, आणि रात्रभर बिबट्याच्या वासाने पेटून उठलेले ते जनावर त्यांच्यावर धावून जाते.

माझ्या सज्जातील वृद्ध कोतवालाने पहिल्याच फेरीत मला या वाटांची रीत समजावली होती. वस्ती दिसू लागली की लांबूनच ‘कुत्रं धरा हो!’ अशी हाळी द्यावी, उत्तर आल्याखेरीज पाऊल पुढे टाकू नये; धनगराचा वाडा रानात बसलेला असेल तर मेंढरांच्या कडेने मोठा वळसा घ्यावा; पळू नये, नजरेला नजर भिडवू नये, पाठ तर मुळीच दाखवू नये; दगड उचलण्यासाठी नुसते वाकले तरी दहांतली नऊ कुत्री मागे सरतात, आणि दहाव्यासाठी काठी असते. भुंकणारे कुत्रे अंतर राखून असते, मुकाट्याने येते त्याला भ्यावे, हेही त्यानेच सांगितले.

असे मुकाट येणारे कुत्रे आम्हांला आळेफाट्याच्या पूर्वेस कालव्याकाठच्या एका गाडीवाटेवर भेटले. अवकाळी पावसाने कांदा सडला होता आणि त्याच्या पंचनाम्यासाठी आम्ही निघालो होतो. हाळी दिली, परंतु विहिरीवरच्या मोटारीच्या आवाजात ती कोणास ऐकू गेली नसावी. करड्या रंगाचे, एक कान फाटलेले ते कुत्रे मान खाली घालून, शेपटी ताठ धरून थेट आमच्याकडे आले. मी काठी आडवी न उगारता शेंबीचे टोक त्याच्या तोंडासमोर धरले. त्याने ते दातांत पकडले, आणि क्षणभर त्याच्या दातांचा लोखंडावर घासल्याचा आवाज माझ्या मुठीपर्यंत झणझणत आला. मग टोक सोडून, अंग जमिनीला घासत त्याने कोतवालाची पोटरी गाठली. त्या वेळी मात्र मी त्याच्या खांद्यावर एक तडाखा ओढला. ते केकाटले, कोलमडले, उठले आणि वस्तीच्या दिशेने वळले. कोतवालाची काठी त्याच्या पाठीवर पडण्यासाठी वर गेली होती. मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, ‘आता नको, तात्या. ते फिरलं.’

आवाज ऐकून घरातून एक वृद्ध बाई धावत आली. ‘आवं भाऊसाहेब, मुक्या जनावराला असं मारत्यात व्हय? त्याच्या जिवावर आमी रातीला डोळा मिटतो.’ तिने कुत्र्याच्या मानेवरचे केस बाजूला सारून दाखविले. तेथे बिबट्याच्या दातांची जुनी, केस न उगवलेली खूण होती. तिच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. मी तिला इतकेच म्हणालो, ‘आजी, तुमचा डोळा मिटावा म्हणून वाटेनं जाणाऱ्यानं आपली पोटरी द्यायची का?’ ती काही बोलली नाही. जखमेला लावायला चुना आणू लागली. चुना नको म्हणून मी साबण मागून घेतला, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे पोटरी धुवविली आणि कोतवालाला लशीसाठी ग्रामीण रुग्णालयात नेले. पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जे करावयाचे ते त्याआधीच करावे लागते.

‘ते फिरलं’ या दोन शब्दांत मला या विषयातला सारा धर्म दिसतो. कुत्रे अंगावर येत असता त्याला थोपविण्यापुरता केलेला प्रहार हा स्वसंरक्षणाचा. ते वळल्यानंतर केलेला प्रहार हा सूडाचा. पहिल्याची लाज बाळगण्याचे कारण नाही, दुसऱ्याचे समर्थन करता येत नाही.

या दुसऱ्या प्रकाराचे फळ मी आंबेगाव तालुक्यात घोड नदीकाठच्या एका गावी पाहिले. एका मुलाला कुत्र्याने चावा घेतला, आणि तासाभरात काठ्या-फावडी घेऊन जमलेल्या तरुणांनी रस्त्याच्या मोरीच्या नळीत लपलेले एक कुत्रे बाहेर ओढून ठार केले. मी आणि पोलीस पाटील पोहोचलो तेव्हा ते संपले होते. चावणारे कुत्रे हेच का, असे विचारता कोणी काळे सांगितले, कोणी तांबडे. मेलेले कुत्रे पांढऱ्या ठिपक्यांचे होते. ज्या कुत्र्याने चावा घेतला त्याला कोंडून दहा दिवस निरखले, आणि ते धडधाकट राहिले, तर चावताना त्याच्या लाळेत रोग नव्हता असे डॉक्टर सांगू शकतात. तो पुरावाच गावाने आपल्या हातांनी नाहीसा केला. त्याहून भयंकर म्हणजे, कुत्रे मेले म्हणून भय मेले अशा समाधानात तो मुलगा तसाच ओट्यावर बसून होता, जखमेवर हळद, आणि लशीचे नाव कोणी काढलेले नव्हते. त्याला मंचरच्या रुग्णालयात त्याच्या शाळेतल्या गुरुजींनी नेले, म्हणून पुढचे निभावले.

कायद्याचाही कौल या विवेकाला धरूनच आहे. मोठे नुकसान टाळण्यासाठी, दुष्ट हेतू न बाळगता, सद्भावनेने केलेल्या कृत्याला भारतीय न्याय संहितेचे १९ वे कलम संरक्षण देते. जनावराला आगळिकीने ठार वा अपंग करणाऱ्यास तिचेच ३२५ वे कलम पाच वर्षांपर्यंतचा कारावास सांगते. आणि आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसास धोका होऊ नये याची खबरदारी न घेणाऱ्यास २९१ व्या कलमान्वये सहा महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पहिली दोन कलमे वाटसरूला उद्देशून आहेत असे सगळे मानतात, परंतु तिसरे कोणाला उद्देशून आहे याचा विचार वस्त्यांवर होत नाही.

वास्तविक महसूल खात्याच्या माणसाला हा विचार सहज सुचावा. वहिवाटीच्या रस्त्यावर कोणी काट्या टाकल्या वा चर खणला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये अडथळा दूर करण्याचा हुकूम मिळतो, आणि अशा किती तरी दाव्यांत मी स्थळपाहणी केली आहे. परंतु ज्या बांधाने जाण्यास बाया-मुले धजत नाहीत तो बांध मोकळ्या कुत्र्याने अडविलेला असला, तरी त्याची फिर्याद कोणी गुदरत नाही. माझ्या मते हा अडथळाच आहे, आणि काट्यांहून वाईट आहे, कारण काट्या पाठलाग करीत नाहीत.

उपाय खर्चिक नाही. कुत्र्याला रात्री मोकळे सोडू नये आणि उघड्यावर बांधूही नये. गोठ्यालगत जाळी व पत्रा ठोकून बंदिस्त खोपटे करावे, त्यात ते आतून भुंकून राखण करते आणि बिबट्याच्या दातांपासूनही वाचते. दिवसा त्याला साखळी असावी, दरवर्षी त्याला लस असावी. मोकळी कुत्री कमी झाली तर बिबट्याला वस्तीकडे ओढणारे एक आमिषही कमी होईल, म्हणजे ज्या भयाने कुत्रे सोडले जाते ते भयच काही अंशी ओसरेल. हा ठराव ग्रामसभेने करावा आणि पोलीस पाटलाने वस्तीवार जाऊन त्याची अंमलबजावणी पाहावी. वाटसरूने काठी जवळ बाळगावी, तीही जनावर फिरेपर्यंतच चालवावी. परंतु ती चालवण्याची पाळी येऊ न देणे हे धन्याचे कर्तव्य आहे, आणि जो ते टाळतो त्याच्या कुत्र्याला पडलेल्या काठीचा जाब प्रथम त्यालाच विचारला पाहिजे.