घड्याळ तिकडचं, संसार इकडचा

मैत्रिणींनो, ऑफिस सातासमुद्रापार आणि खुर्ची मात्र घरातल्या मागच्या खोलीत, असं कुणीतरी आता तुमच्याही घरात असेलच! आमच्याकडे ती आमची सूनबाई. कचेरी न्यूयॉर्कला, मुक्काम पुण्याला. तिकडे सकाळचे दहा वाजले की मीटिंग सुरू. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात.

पण हे साडेसात बारमाही नाहीत बरं का! नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची मंडळी घड्याळ तासभर मागे घेतात, ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे करतात. आपला काटा जागचा हलत नाही. म्हणून उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं असलेलं अंतर हिवाळ्यात साडेदहाचं होतं आणि तीच मीटिंग आपल्याकडे रात्री साडेआठला येते.

म्हणायला एकच तास. पण तो गरम पोळ्यांचा आणि लेकराला झोपवण्याचा तास! गेल्या नोव्हेंबरात नात आईसाठी दाराशी रडायची. आल्यागेल्यांची कुजबुज वेगळीच, "ऐन जेवणाच्या वेळी दार लावून बसते हो!" एका रात्री सूनबाई डोळे पुसत म्हणाली, "आई, सोडूनच देते नोकरी." मी म्हटलं, "अगं, तास हलला तर स्वयंपाक हलवू. नोकरी कशाला हलवायची?"

मग सगळ्यांनी बसून ठरवलं. हिवाळ्यात जेवणं साडेसातलाच. कुकर लावणं चिरंजीवांकडे, नातीची गोष्ट आजोबांकडे. आठ दिवस कुरकुर झाली, मग अंगवळणी पडलं. आता सूनबाई नातीला भरवून, पापा घेऊनच खोलीत जाते.

तुमच्यासाठी आमचा सोपा हिशेब सांगते. न्यूयॉर्कची वेळ काढायची तर आपल्या वेळेत उन्हाळ्यात अडीच तास मिळवा, हिवाळ्यात दीड. आणि सकाळची रात्र, रात्रीची सकाळ करा. आपले सकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यात तिकडे रात्रीचे साडेदहा. मात्र वार सांभाळा हं! आपली सोमवारची सकाळ ही त्यांची रविवारची रात्र असते.

लेक किंवा भाचा लंडनला असेल, तर हिवाळ्यात नुसतं काट्यांचं घड्याळ उलटं धरा. आपले दुपारचे बारा तिकडचे सकाळचे साडेसहा दिसतील. इतर वेळी तासकाटा थोडा चुकवतो, पण अंदाज येतो. उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवा.

हा अर्धा तास आला कुठून? आपली वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून धरलेली आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. गुणाकार केलात की साडेपाच तास येतात. ही वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईने १९५५ पर्यंत आपली ३९ मिनिटं मागची वेळ सोडली नव्हती! तेव्हाही तिथल्या गृहिणीला गाडीची वेळ वेगळी आणि घरची वेगळी, असं जमवावं लागत असणारच.

तेव्हा भिंतीवरच्या कालनिर्णयावर ते दोन रविवार लाल शाईने मांडून ठेवा आणि आठवडाभर आधीच घरातल्या सगळ्यांना सांगा. घरातली मीटिंग मात्र त्याच्याही आधी घ्या, आणि तिला पुरुषमंडळींनाही बसवा!