सामाईक भिंत

टिळकवाडीत दुसऱ्या गेटच्या अलीकडे आमचं भाड्याचं घर होतं. एका लांबलचक कौलारू घराला मधोमध भिंत घालून मालकांनी ते दोन बिऱ्हाडांना दिलेलं. अलीकडे आम्ही मराठी, पलीकडे कानडी. १९८१ साली लग्न होऊन मी इथं आले तेव्हा मला कानडीतले दोनच शब्द येत होते, 'बर्री' आणि 'होग्री'. बाकीची कानडी शेजारच्या आक्कांनी कडबू करता करता शिकवली आणि त्यांनी माझी मराठी उचलली. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं तेव्हासुद्धा परसातल्या बुटक्या गडग्यावरून आमचा ताकाचा तांब्या ये-जा करतच होता.

घरातल्या भिंतीतून मात्र रात्री मार ऐकू यायचा. आक्कांचे यजमान चांगल्या नोकरीतले, दिवसा मान खाली घालून जाणारे-येणारे. पहिल्यांदा आवाज ऐकला तेव्हा मी उठून दाराशी गेले. सासूबाई म्हणाल्या, "बस खाली. नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये." आणि त्यांनी रेडिओ मोठा केला. आक्कांच्या भाषेतही याला म्हण आहे, 'गंड हेंडिर जगळ उंडु मलगो तनक'. नवराबायकोचं भांडण जेवून निजेपर्यंतचं. आमच्या या भागात दुकानाच्या पाटीपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत कशावरही दोन भाषांचं एकमत होत नाही. एवढ्या एका गोष्टीवर मात्र कधीचंच झालेलं होतं. पुढे सासूबाई गेल्या. रेडिओ मोठा करायचं काम माझ्याकडे आलं.

२००७ साली एका सकाळी आमच्याकडे भांड्याला येणारी बाई फुटका ओठ घेऊन आली. हातात कानडीत छापलेला कागद. घरातल्या हिंसेपासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. कर्नाटकात बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांनाच संरक्षण अधिकारी नेमलेलं. तक्रार नोंदवायचा तो नमुना तिनं कुठूनसा मिळवला होता. "काय काय इचारत्यात ते आदी सांगा की वैनी, मग जातो," ती म्हणाली. माझं कानडी वाचन बसच्या पाटीपुरतं. तिला घेऊन मी आक्कांकडे गेले. त्यांचे यजमान तोवर वारले होते.

आक्का चष्मा लावून वाचू लागल्या आणि एकेक ओळ मराठीत सांगू लागल्या. थप्पड, लाथ, ढकलणं, चावणं. मुलगा झाला नाही म्हणून टोचून बोलणं. नोकरी करू न देणं. कमाई काढून घेणं. घरखर्चाला पैसे न देणं. बाई प्रत्येकाला नुसती मान हलवत होती. मध्येच आक्का थांबल्या. कागद मांडीवर ठेवून म्हणाल्या, "हे लिवणाऱ्यास्नी आमचं घर कसं ओ ठावं?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर वाचनात आलं. या कायद्याच्या उद्देशपत्रातच १९९५ च्या बीजिंग जाहीरनाम्याचा आणि स्त्रियांबाबतच्या भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं १९८९ साली केलेल्या शिफारशीचा उल्लेख आहे. २० डिसेंबर १९९३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं जो जाहीरनामा संमत केला, त्यानं सार्वजनिक जीवनाबरोबर खाजगी जीवनातली हिंसाही व्याख्येत घेतली. कुटुंबातल्या मारहाणीचं आणि हुंड्यापायी होणाऱ्या हिंसेचंही त्यात नाव आहे. म्हणजे आमच्या भिंतीला कुणी कान लावला नव्हता. देशोदेशीच्या बायकांनी आपापल्या घरातलं सांगितलं, तेव्हा यादी तीच निघाली असणार.

जाहीरनाम्यांनी मार थांबत नाही, हे मलाही कळतं. अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. आमच्या बाईला दोन पावसाळे हेलपाटे घालावे लागले. पण हुकूम हातात पडल्यावर नवऱ्याला तिला घराबाहेर काढता येईना. मोडला तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे त्याला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

त्याच सुमारास, २००८ मध्ये, टीव्हीवर 'बेल बजाओ'च्या जाहिराती लागायला लागल्या. 'ब्रेकथ्रू' या संस्थेची ही मोहीम पुढे परदेशांतही गेली. शेजारून मारहाणीचा आवाज येतो. एकजण उठतो, जाऊन दाराची घंटा वाजवतो आणि काहीतरी किरकोळ मागतो. एवढंच. उपदेश नाही, आरडाओरडा नाही. उठून दोन पावलं जायचं आणि बटण दाबायचं.

आक्कांच्या सोप्यात बसून आम्ही दोघी ती जाहिरात पाहत होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "आक्का, मला सगळं ऐकू यायचं हो."

"ठाऊक होतं की," टीव्हीवरची नजर न काढता आक्का म्हणाल्या. "तुमचा रेडिओ मोठा झाला की मला कळायचं, आज बी कोण येत नाही."