पुऱ्या सापडेनात

वेबपान बनवायला शिकणाऱ्या मुलांना मी सुरुवातीला रंगांना हात लावू देत नाही. मुलं हिरमुसतात. रंग, सरकते फोटो, फिरणारी बटणं यांसाठीच तर ती आलेली असतात. मला मात्र आधी त्यांच्याकडून मराठी मजकुराचं एक कोरडं पान हवं असतं. पडद्यावर दिसणारं एक आणि खाली नोंदलेलं दुसरं, ही वेबची खोच मराठीत जितकी लवकर टोचते तितकी इंग्रजीत टोचत नाही.

यंदा एका मुलीनं आईच्या खानावळीचं पान करायला घेतलं. मेनूकार्ड पूर्वी छापखान्यातून डीटीपी करून घेतलेलं होतं, त्याची फाइल तिच्याकडे होती. तिथला मजकूर तिनं उचलून पानात टाकला आणि पडद्यावर रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं यांचा काला झाला. तिला वाटलं फाइल खराब झाली. फाइल धडधाकट होती. जुन्या फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट मशीनवर आहे तोवर ‘पोळी’ दिसते. नसला की आतलं उघडं पडतं. संगणकाच्या लेखी तिथे मराठी कधी नव्हतीच. टिम बर्नर्स-ली यांची सर्नमधली पहिली वेबसाइट 1991 साली बाहेरच्या जगाला खुली झाली, आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तिच्यात देवनागरीला स्वतःच्या जागा होत्या. तरी आपल्याकडे आकार बसवण्याचा उद्योग पुढे कितीतरी वर्षं चालला, आणि त्याची उस्तवार अजून संपलेली नाही. तिनं सगळं कार्ड युनिकोडमध्ये नव्यानं टाइप केलं.

‘दुपारचं जेवण’ ही अक्षरं तिनं मोठी आणि ठळक केली होती. डोळ्यांना ते शीर्षक, एचटीएमएलच्या दृष्टीनं नुसता जाड परिच्छेद. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लावून मी तिला पान ऐकायला लावलं. अंध वाचक एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जात पान चाळतो. तिच्या पानात थांबायला एकही शीर्षक नव्हतं. शिवाय तयार साच्यातून घेतलेल्या पानाच्या डोक्यावर भाषा म्हणून इंग्रजीच नोंदलेली. पुढच्या शीर्षकाची अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून तिनं सीएसएसमधून त्यांच्यातलं अंतर वाढवलं, तर शिरोरेघच तुटली. इंग्रजी नमुन्यांवर हात बसलेल्यांचं हे ठरलेलं असतं. ओळींमधलं अंतर इंग्रजी मापाचं ठेवलं की वरचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो, तेही ओघानं आलंच.

खरी मजा पुऱ्यांनी आणली. तिनं जावास्क्रिप्टमध्ये पदार्थ शोधायची एक चौकट केली होती. घरी काम चाललं, कॉलेजच्या मशीनवर मात्र ‘पुऱ्या’ सापडेनात. समोर यादीत ढळढळीत दिसत होत्या! त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे, संगणक मात्र नोंदी ताडून पाहतो आणि त्याला ते दोन वेगळे शब्द वाटतात. दोष कुणाचाच नाही, म्हणून तो सापडायलाही वेळ लागतो. तुलना करण्याआधी दोन्ही रूपं एकाच रूपात आणायच्या ओळी तिनं स्वतःच लिहिल्या.

मग म्हणाली, “सर, माझ्या मावशीला फोनवर तो अर्धा र येतच नाही. ती ‘पुर्या’ लिहिते. ते चूक ना?”

शुद्धलेखनाच्या वहीत चूक, म्हटलं, शोधाच्या चौकटीत नाही. गिऱ्हाईक जे लिहील ते धरायचं. संध्याकाळपर्यंत तिच्या यादीत पुरीची सहा रूपं जमली होती, त्यांतली दोन रोमन लिपीत, आणि थालीपिठाचं काय करायचं यावर आईशी फोनवर वाद चालू होता.