दोन शेंडे

माझ्या कार्डिओग्रामच्या एका रेघेला दोन शेंडे आहेत. छातीच्या मधल्या हाडालगत, उजवीकडे, जिथे टेक्निशियनने गार जेल लावून रबरी फुगा दाबला, तिथली ही रेघ, ‘व्ही-वन’. जिथे एकच टोक दिसायचे तिथे एक बुटके, एक उंच. डॉक्टर मंडळी याला सशाचे कान म्हणतात. यंत्राला ससा माहीत नाही. त्याने कागदाच्या माथ्यावर सरळ ‘ॲबनॉर्मल ईसीजी’ छापले आणि खाली ‘राइट बंडल ब्रँच ब्लॉक’. घरात त्यातले ‘ब्लॉक’ तेवढे ऐकू गेले, आणि मावशीने अँजिओप्लास्टी झालेले सगळे नातेवाईक मोजायला घेतले.

पण धमन्यांचा इथे संबंधच नव्हता. हृदयात वीज वरून खाली येते, मधल्या पडद्यापाशी तिला डावी-उजवी अशा दोन फांद्या फुटतात. माझी उजवी फांदी निरोप नेत नाही. डावा कप्पा वेळेवर आवळतो. उजव्याला तो निरोप स्नायूस्नायूंतून, रेंगाळत मिळतो. तो दुसरा कान म्हणजे हे उशिरा पोचणे. कागदावरची एक छोटी चौकट ०.०४ सेकंदाची, आणि हा सगळा भाग तीन चौकटींहून रुंद झालेला. एवढ्याशा उशिराची नोंद राहते, याचेच मला भीतीपेक्षा जास्त अप्रूप वाटत राहिले.

या उंचसखल रेघेला पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे दिली ती लायडनच्या विलेम आइंथोव्हेन यांनी. त्यांच्याकडे माणूस दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसे. १९२४ चे नोबेल त्यांना मिळाले.

डॉक्टरांनी यंत्राचा शेरा बाजूला ठेवला. चक्कर येते? शुद्ध हरपली होती? जिना चढताना धाप लागते? मग टूडी इको. तो चांगला निघाला. निरोगी माणसांतही असा ब्लॉक सापडतो. कधी मात्र त्यामागे फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असतो, म्हणून ही विचारपूस. औषध काही दिले नाही.

‘जुना ईसीजी आहे का?’ हाही त्यांचा प्रश्न होता. माझ्याकडे होता, पण पार पुसट झालेला. थर्मल कागदावरची छपाई टिकत नाही. तुमच्याकडे असेल तर आजच झेरॉक्स काढून ठेवा.