क्योतोची यात्रा : आधीं पान, मग दर्शन

वडील मंडळींना बरोबर घेऊन परदेशीं जावयाचें ठरलें, म्हणजे स्थळांची यादी तत्काळ तयार होते. पण जेवणाचा विचार मात्र "तेथें गेल्यावर पाहूं" म्हणून पुढें ढकलला जातो. मग मुलांची चैन होते आणि वडील माणसें चार दिवस केळीं व बिस्किटें यांवर काढतात. नाहीं तर मूळच्या बेतांतूनच त्यांना वगळण्यांत येतें. जपानांतील क्योतो नगरीच्या बाबतींत तरी हा क्रम उलट करावा, असें आम्हांस वाटतें. तेथें आधीं भोजनाची आंखणी करावी. स्थळें त्यामागून आपोआप ओळीनें लागतात.

क्योतो ही इ. स. ७९४ पासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जपानी बादशहांची राजधानी होती. चीनमधील छांगआन राजधानीच्या धर्तीवर वसविलेल्या या शहराचे जुने रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ असून पूर्व, उत्तर व पश्चिम या तिन्ही बाजूंस डोंगर आहेत. प्रसिद्ध मंदिरांपैकीं बरींचशीं त्यांच्या पायथ्याशीं आहेत. म्हणून एका दिवशीं एकच दिशा धरावी.

आतां जेवणाची खरी अडचण सांगतों. ६७५ सालीं तेम्मू बादशहानें गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांच्या मांसावर वर्षांतील कांहीं महिने बंदी घातली, आणि पुढेंहि बौद्ध धर्माच्या प्रभावामुळें मांसाहार तेथें बराच मर्यादित राहिला. परंतु मासळीला ती बंदी नव्हती. परिणाम असा कीं, जेथें केवळ भाजी दिसते तेथेंहि मासळी असूं शकते. सुकविलेल्या बोनितो माशाचे पातळ काप आणि कोंबू नांवाची समुद्रवनस्पति यांपासून काढलेलें 'दाशी' नांवाचें पाणी हा जपानी स्वयंपाकाचा पाया होय. आपल्याकडे जशी फोडणी, तशी तिकडे दाशी! मिसोचें सार, शेवयांचा रस्सा, शिजविलेला भोपळा, या सर्वांत ती असते आणि डोळ्यांना दिसत नाहीं. "मांस नको" एवढेंच सांगितलें, तर वाढणारा प्रामाणिकपणें मान डोलावतो व दाशींत शिजलेली भाजी आदरानें पुढें ठेवतो. त्यांत त्याचा दोष नाहीं. यासाठीं मांस, मासळी, अंडें आणि माशाची दाशी यांपैकीं कांहींच चालत नाहीं, असा मजकूर जपानी लिपींत लिहून घ्यावा आणि तो कागद प्रत्येकानें जवळ बाळगावा.

परंतु ज्या देशांत ही अडचण, त्याच देशांत तिचा उपायहि आहे. बौद्ध मठांतील भिक्षूंचें अन्न 'शोजिन ऱ्योरी' या नांवानें प्रसिद्ध आहे. बौद्ध ग्रंथांतील 'वीर्य', म्हणजे साधनेंतील नेटाचा प्रयत्न, या संस्कृत शब्दासाठीं 'शोजिन' हा शब्द योजितात. या अन्नांत मांस-मासळी तर नाहींच, पण परंपरेनें कांदा-लसूणहि वर्ज्य; दाशी करतात ती कोंबू व सुकविलेली अळंबीं यांची. चातुर्मास पाळणाऱ्या घराला हा नियम परका वाटावयाचा नाहीं. मात्र ज्यांना अळंबीं चालत नाहींत, त्यांनीं तें आधींच कळवावें.

पहिला दिवस पश्चिमेकडील आराशियामासाठीं ठेवावा. तेथील तेनऱ्यूजी मठ आशिकागा ताकाउजी यानें १३३९ सालीं गो-दाइगो बादशहाच्या आत्मशांतीसाठीं स्थापन केला. त्याच्या आवारांतच 'शिगेत्सु' हें शोजिन भोजनगृह आहे. येथील भोजन दुपारचें असतें. जागा आधींच राखून ठेवावी. तांबड्या लाखेच्या वाडग्यांतून भात, सार, भाज्या, लोणचें असें अन्न थोडें थोडें पण देखणें येतें. भातांत काड्या उभ्या खोंचूं नयेत. मृतांपुढें ठेवावयाच्या भातांत त्या तशा खोंचतात. जेवणानंतर वेळूचें बन पाहून छोट्या ट्रामनें ऱ्योआनजीला जावें. तेथील वाळूच्या बागेंत पंधरा दगड आहेत, पण ओसरीवर कोठेंहि बसलें तरी एक तरी दगड दृष्टीआड राहतो.

दुसरा दिवस पूर्वेचा. सान्जूसान्गेनदो या लांबलचक लांकडी मंदिरांत सहस्रभुज कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ति आहेत. त्यांच्या रक्षक देवतांत ब्रह्मा, इंद्र आणि बांसरी वाजविणारा गरुड भेटतो, तेव्हां माहेरचें माणूस दूरदेशीं दिसावें तसें होतें. तेथून कियोमिझु मंदिर पाहावें. चढ बराच असल्यानें वृद्धांसाठीं शक्य तितकी वर टॅक्सी न्यावी. दुपारीं नान्झेनजीच्या परिसरांत 'युदोफु', म्हणजे कोंबूच्या पाण्यांत उकळलेलें सोयाबीनचें पनीर, घ्यावें. मात्र सोबतच्या सॉसमध्यें बहुधा मासळीची दाशी असते. तेथें तो कागद पुढें करावा.

तिसऱ्या दिवशीं दक्षिणेस तोजीचा सुमारें ५५ मीटर उंचीचा पांच मजली मनोरा व हत्तीवर बसलेला इंद्र पाहून फुशिमी इनारीच्या हजारों तांबड्या कमानींखालून चालावें. सर्व डोंगर चढलाच पाहिजे असें नाहीं. संध्याकाळीं निशिकी बाजारांत सोयाबीनच्या दुधावरची साय, 'युबा', आणि अझुकी कडधान्याच्या गोड सारणाच्या मिठाया पाहाव्या. त्या खातांना पुरणाची आठवण होईल.

मार्चअखेरचा फुलांचा व नोव्हेंबरच्या उत्तरार्धांतील लाल पानांचा बहर सुंदर खरा, परंतु गर्दीहि तेव्हांच. वृद्धांसाठीं मेचा मध्य किंवा ऑक्टोबरअखेर अधिक सुखाची. तिकिटें काढण्यापूर्वीं भोजनाच्या जागा पक्क्या कराव्या. एखादें मंदिर पाहावयाचें राहिलें तरी चालेल; पण ज्या पंक्तीला घरांतील सर्वांत वडील माणूस निःशंकपणें बसूं शकतें, ती पंक्ति साऱ्या घराला पुरते.