हातगुण

‘अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ हे वाक्य आमच्या लहानपणी ओसरीओसरीवरून फिरत असे. वैद्यकाची तेवढीच जाहिरात, आणि तीही फुकट. घरच्या डॉक्टरांना ती पुरे, कारण त्यांचा रुग्ण पुनःपुन्हा येतो; बालरोगतज्ज्ञांची कीर्ती तर आयाच पसरवतात. मोतीबिंदू काढायला मात्र माणसाला डोळे दोनच, आणि आंत्रपुच्छ एकच! शल्यविशारदाला रुग्ण नित्य नवा मिळवावा लागतो, आणि तो बहुधा दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतो. ह्या चिठ्ठीचा मोबदला दिला-घेतला जाऊ लागला, तसा ‘कट प्रॅक्टिस’ हा शब्द मराठीत रुजला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी असे कमिशन निषिद्ध ठरवले, रुग्ण ओढणारी जाहिरातही. परंतु त्यांचा अंमल नोंदणीकृत डॉक्टरांपुरता. इस्पितळांच्या रस्त्यावरील फलकांपर्यंत तो पोहोचत नाही. हा सारा खर्च अखेर रुग्णाच्याच बिलात मुरतो, आणि तेथे त्याला स्वतंत्र ओळ नसते.

गेल्या वर्षी गुडघ्यासाठी मलाही अशी चिठ्ठी मिळाली. चार ओळींचाच मजकूर. समीक्षकाच्या सवयीने मी तो दोनदा वाचला, लिहिणाऱ्याचा हेतू शोधत. आणि लिहिणारे डॉक्टर गेली ३० वर्षे आमच्या घरचे आहेत.